ड्रमच्या अलीकडे

वहिनीने बाबांचा टोस्टचा डबा दोन बोटांनी उचलला, झाकण न उघडताच दाराबाहेर नेला आणि कचऱ्याच्या पिंपात आपटला. पत्र्याचा आवाज जिनाभर घुमला. परत येऊन तिने साबण लावून हात धुतले, पुसले आणि टेबलावरचा कागद आत्याच्या पुढ्यात सरकवला.

"वाच."

आत्या कामावरून नुकतीच आली होती. खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून तिने वाचलं. वहिनीची भिंगरी आठ वर्षांची. दीड वर्षापूर्वी तिला सीलिअ‍ॅक असल्याचं कळलं. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडायचं. तेव्हा रक्तातल्या अँटिबॉडींचा आकडा एकशे चाळीस होता. तो हवा दहाच्या आत. घरातून गहू हद्दपार केल्यावर तो उतरत उतरत अठ्ठावीसवर आला होता. आजच्या कागदावर शहाण्णव.

"कुणीतरी देतंय तिला," वहिनी म्हणाली. "मी नाही, तू नाही. तुझा दादा तर महिन्यातले वीस दिवस घरातच नसतो. मग राहिलं कोण?"

राहिलेला माणूस गॅलरीच्या दारात उभा होता. बाबांनी चाळीस वर्षं भट्टीपुढे काढली होती. बेकरी विकली तरी सकाळ-संध्याकाळ टोस्ट किंवा पाव लागायचाच, म्हणून त्यांना गॅलरी नेमून दिली होती. तिथे त्यांचं स्टूल, त्यांची पत्र्याची थाळी, त्यांचा वेगळा टॉवेल आणि कोपऱ्यात नळ. खाऊन झालं की कपडे झटकायचे, हात धुवायचे आणि मगच आत यायचं. हे नियम आत्याने लिहून नळावर चिकटवले होते.

"मी तिला काही देत नाही," बाबा म्हणाले.

"देत नसाल. पण लागून येत असेल की नाही? हात कसे धुता तुम्ही? नुसती बोटं बुचकळता!" आत्याचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "किती वेळा सांगितलं, कोपरापर्यंत! कणभर पुरतं, बाबा. कणभर! तिची उंची वर्षभरात जेमतेम दोन सेंटीमीटर वाढलीय आणि तुमचा टोस्ट काही सुटत नाही."

 बाबांनी हात पाठीमागे नेले.

आतल्या खोलीतून भिंगरी आली. पूर्वी ती चालायची कमी आणि गिरक्या जास्त घ्यायची, म्हणून ते नाव पडलं होतं. हल्ली भिंतीला हात लावत यायची.

"आत्या, आणलेस?"

आत्याने पिशवीतून मक्याच्या चिप्सची दोन पाकिटं काढली. तिखट-आंबट. आत्या त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये होती. पाकिटावर गव्हाच्या ओंबीवर फुली मारलेलं चित्र होतं, आणि त्या फुलीमागच्या चाचणीवर तिची सही असायची. शाळेत मधल्या सुट्टीत सगळ्यांनी हात पुढे करावेत असं भिंगरीच्या डब्यात एवढं एकच होतं.

भिंगरीने पाकीट फोडलं आणि पहिली चिप सवयीने आजोबांना दिली. बाबांनी ती खाल्ली नाही. त्यांनी तिच्यावरचा लाल मसाला नखाने खरवडला, चिमटीत घेतला आणि डोळे मिटून चोळला.

"यात मैदा आहे," ते म्हणाले. "भाजलेला."

"झालं," वहिनी म्हणाली. "आता हे आणि."

"मक्याचं पीठ बारीक केलं की चिमटीत करकरतं. हे करकरत नाही. सरकतं. मसाला चिकटून राहावा म्हणून आम्हीही घालायचो."

आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "बाबा, त्या पाकिटाची चाचणी मी करते. मी! दोन वर्षांत पट्टीवर एकदाही गव्हाची दुसरी रेघ उमटलेली नाही. स्वतःवर आलं की दुसऱ्यावर ढकलायचं, हे तरी या वयात करू नका."

बाबांनी चिप कठड्यावर ठेवली. "बरं, शास्त्रज्ञ बाई," ते म्हणाले. एरवी हे ते हसून म्हणत. मग गॅलरीत मागे सरकून त्यांनी काचेचं दार ओढून घेतलं.

भिंगरीने मधल्या वेळात अर्धं पाकीट संपवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आत्या एक तास लवकर लॅबमध्ये पोचली. रात्रीतून राग उतरला नव्हता, उलट मुरला होता. बाबांच्या तोंडावर पट्टी टाकायची, एका रेघेची, आणि विषय संपवायचा.

तिने घरून आणलेलं दुसरं पाकीट कापलं. चिप्स दळल्या, पाव ग्रॅम तोलून द्रावणात घातल्या आणि नळी हलवली. द्रावण लालभडक झालं. तिचा हात थांबला. रोजचं द्रावण फिकट पिवळं असायचं.

असायचंच. कारण रोजचा नमुना ती तळणीच्या पुढच्या सरकत्या पट्ट्यावरून घ्यायची. साधी, नुकती तळलेली चिप. चिप्सना मसाला लावणारा फिरता ड्रम त्याच्या पलीकडे. मसाल्याचा रंग पट्टीवर चढतो, रेघ नीट दिसत नाही, म्हणून नमुना ड्रमच्या अलीकडे घ्यायचा, असं आधीच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिने वहीत लिहून घेतलं होतं. कॉलेजात दर तासाला 'का' विचारून मास्तरांना भंडावणाऱ्या मुलीने त्या दिवशी काही विचारलं नव्हतं.

तिने द्रावण गाळलं, पुन्हा गाळलं, पातळ केलं. पट्टी बुडवली. घड्याळ लावलं.

पहिली रेघ आली. ती यायचीच, पट्टी चालू आहे एवढंच ती सांगते. चौथ्या मिनिटाला तिच्याखाली दुसरी उमटली. फिकी वगैरे नाही, शाईने ओढावी तशी.

तिने आणखी दोनदा चाचणी केली. शेवटच्या वेळी साधी चिप आणि मसाल्याची चिप शेजारी शेजारी. साधीला एक रेघ. मसाल्याच्या चिपला दोन.

ड्रमवरचा माणूस पोतं कापत होता.

"हा मसाला कधीपासूनचा?" तिने विचारलं.

"हा ना? नवा माल आहे, मॅडम. चार महिने होतील. जुना गळायचा, अर्धा खाली पडायचा. हा बघा कसा बसतो, जावयासारखा!"

भिंगरीचं मागच्या वेळचं रक्त पाच महिन्यांपूर्वी घेतलेलं. अठ्ठावीस.

कारखान्याच्या साहेबांनी सगळ्या पट्ट्या पाहिल्या आणि टेबलावर पालथ्या घातल्या.

"मसाल्याचं प्रमाणपत्र असतं आपल्याकडे."

"जुन्या मसाल्याचं आहे. तारीख बघा."

"नव्याचं मागवू की. त्यासाठी एवढा आरडाओरडा कशाला? आपली पद्धत ठरलेली आहे. नमुना कुठून घ्यायचा ते कागदावर आहे, तुम्ही तसाच घेतलात, निकाल बरोबर आहे. कुणीही चुकलेलं नाही."

"आपण जे विकतो ते तपासत नाही, साहेब. आपण जे विकत नाही ते तपासतो!"

"आवाज खाली."

"माझ्या भाचीला रोज एक पाकीट देते मी. माझ्या हाताने."

"मग देऊ नका," साहेब म्हणाले. "घरचं घरी सांभाळा. काही मुलांसाठी अख्खी लाइन बंद ठेवू का?"

आत्याने पट्ट्या उचलून खिशात घातल्या. गोदामात जाऊन तिने लाल चिकटपट्टीचं रीळ घेतलं. तिची सही नसेल तर माल दाराबाहेर जात नाही, एवढा एक अधिकार तिला होता. दोन वर्षांत तो तिने कधी वापरला नव्हता, कारण दुसरी रेघ कधी आली नव्हती. तिने रचलेल्या खोक्यांच्या प्रत्येक थप्पीला लाल पट्टी गुंडाळली. रीळ संपलं तेव्हा दुसरं आणलं. हमाल बघत राहिले. मागून साहेब फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होते की लॅबच्या बाईचं डोकं फिरलंय. बाहेर गेलेल्या मालाचं काय, हे तिने कंपनीच्या मुख्य कचेरीला लिहिलं, पट्ट्यांचे फोटो जोडले आणि एक प्रत साहेबांना पाठवली. शेवटच्या ओळीत नमुना घेणाऱ्याचं नाव असतं. तिथे तिने स्वतःचं नाव घातलं.

संध्याकाळी घरी वहिनी भाजी निवडत होती.

"भिंगरी विचारत होती, आज पाकिटं आहेत का."

आत्याने पट्टी टेबलावर ठेवली. दीड वर्षात घरातल्या प्रत्येक डब्याची अशी चाचणी आत्याने करून दिली होती. वहिनीला रेघा मोजता येत होत्या.

"दोन?" वहिनी ताडकन उठली. "मला माहीत होतं! कुणाचं आहे हे? कुठून घेतलंस, त्यांच्या टॉवेलवरून?"

"माझं आहे," आत्या म्हणाली. "पाकिटातलं. चार महिन्यांपासून."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं.  मग तिने भिंगरीचं दप्तर ओढलं, आतलं कालचं उरलेलं पाकीट काढलं, चुरगळलं. फेकायला म्हणून दाराकडे निघाली, पण जिन्यातल्या पिंपाशी जाऊन तशीच उभी राहिली. पिंप सकाळीच बाबांच्या डब्यासकट रिकामं झालं होतं.

गॅलरीत बाबा स्टुलावर बसले होते. मांडीवर थाळी, थाळीत एक पाव. काचेच्या अलीकडे भिंगरी जमिनीवर बसून त्यांना बोटांनी कसलेसे आकडे दाखवत होती आणि ते मान हलवून ओळखत होते. आत्या तिला ओलांडून बाहेर आली.

"दार लाव," बाबा म्हणाले. "कण आत जातात."

तिने दार लावलं आणि खाली फरशीवर बसली. कठड्यावर कालची चिप तशीच होती. पाखरांनीही नेली नव्हती.

"करकरलं नाही ना?" बाबांनी विचारलं.

"नाही."

तिला आणखी बोलायचं होतं. सबंध वाटेने वाक्यं जुळवली होती. बाबांनी पावाचे दोन तुकडे केले. मोठा तिच्या हातावर ठेवला. गॅलरीत बसून तिने यापूर्वी कधी खाल्लं नव्हतं. तिने तो सगळा खाल्ला.

थाळी रिकामी झाल्यावर बाबांनी नळ सोडला आणि बाजूला सरकून तिला जागा करून दिली. नळावरचा कागद ओलसर होऊन एका कोपऱ्यात सुटला होता. तो त्यांनी अंगठ्याने दाबून बसवला.

"पोर वाट बघतेय," ते म्हणाले. "नीट धू. कोपरापर्यंत."