हिवरदऱ्याची वेस

धर्मराज खरात रोज पहाटे अंबडच्या स्टँडवर जायचा. औरंगाबादच्या एसटीतून आलेला पेपरचा गठ्ठा कॅरिअरला बांधायचा, सात गावं करायचा आणि बारा वाजता परत यायचा. चाळीस किलोमीटर, रोज. वय चोवीस. तीन वर्षांत त्याच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या.

सातांपैकी सहा गावांत तो सायकलवरून पेपर फेकत जायचा. हिवरदऱ्याच्या वेशीत मात्र खाली उतरायचा आणि मारुतीचा पार, चावडी, सरपंचाचा ओटा ओलांडेपर्यंत सायकल हातानं न्यायचा. असा कागदोपत्री हुकूम कुठंच नव्हता. पहिल्याच दिवशी सरपंचाचा भाऊ भुजंग पारावरून म्हणाला होता, "उतरून जायचं इथून. तुमच्या लोकांचा इथं तसाच रिवाज हाये." खरातांच्या घरानं छप्पन सालीच दीक्षा घेतली होती, घरातले जुने देव नदीत सोडले होते. हिवरदऱ्यापुरता त्यानं काही फरक पडला नव्हता. पेपरचं काम नवं होतं. धर्मराज उतरला. आणि मग रोजच उतरत राहिला. त्याला भुजंगपेक्षा स्वतःचा राग जास्त यायचा.

चौऱ्याहत्तरच्या सव्वीस जानेवारीला तालुक्यात सायकल शर्यत ठरली. क्रीडा समितीचे अध्यक्ष अण्णासाहेब, धर्मराजचे शाळेतले इंग्रजीचे शिक्षक. त्यांच्याकडं एक जुनं विलायती मासिक होतं, सायकलवरून भटकणाऱ्यांसाठी काढलेलं. त्यात इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांचे रस्ते नकाशासकट दिलेले असायचे: कुठल्या गावातून निघायचं, कुठल्या पुलावरून वळायचं, कुठं चहा मिळेल. ते वर्गात वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, आपल्याकडंही असे निवांत रस्ते आहेत, आपण त्यावरून नुसते हिंडत नाही. धर्मराजनं एकदा विचारलं होतं, तिकडच्या गावांना वेस असते का. अण्णासाहेब हसले होते.

शर्यतीचा रस्ता त्यांनीच आखला. अंबडहून तीर्थपुरीच्या अंगाला, हिवरदऱ्याच्या मधून, पुढं ओढ्यापर्यंत आणि त्याच वाटेनं परत. धर्मराज नाव द्यायला गेला तेव्हा त्यानं सरळ विचारलं, हिवरदऱ्यात मी काय करू?

"शर्यतीत कुणी उतरत नसतं," अण्णासाहेब म्हणाले. "मी सरपंचाशी बोलतो. तू फक्त पायडल मार."

एवढ्यावर त्याचा विश्वास बसला. घरी येऊन आईला, साळूबाईला, त्यानं सांगितलं की सर बोलणार आहेत. तिनं त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर अकरा नंबरचं फडकं टाचून दिलं.

सव्वीस जण सुटले. जाताना सगळा घोळका हिवरदऱ्यातून एकदमच गेला, धुरळ्यात कुणी कुणाला ओळखलं नाही. ओढ्यापाशी वळताना धर्मराज पुढं निघाला. परतीला हिवरदरा दिसू लागला तेव्हा मागं फक्त संपत होता, शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याचा पोरगा, आणि तोही चांगला अर्धा किलोमीटर मागं.

वेशीत बैलगाडी आडवी लावलेली होती. जूला बैल नव्हते. भुजंग आणि तिघं जण बाजूला उभे होते.

"मघा घोळक्यात घुसून गेलास," भुजंग म्हणाला. "आता उतर आन् हातानं ने."

धर्मराजनं ब्रेक दाबले, पण पाय खाली टेकवला नाही. एक हात वेशीच्या दगडाला लावून तो तसाच सीटवर बसून राहिला. ही शर्यत आहे, सरांनी सरपंचांना सांगितलंय, असं तो म्हणाला. भुजंगनं बाकीच्यांकडं बघितलं. कुणी काही सांगितलेलं नव्हतं, हे त्या चार तोंडांवर स्पष्ट दिसत होतं. पलीकडं पाराजवळ समितीनं नेमलेला माणूस वही घेऊन बसला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नंबर टिपायचं त्याचं काम. तो वहीतच बघत होता.

उतरला असता तर तीनशे पावलं चालावं लागलं असतं. रोज चालत होताच. पण त्या दिवशी पाठीवर नंबर होता, आणि पाय खाली येईना. त्यानं सायकल वळवली आणि गावाबाहेरच्या नाल्यात घातली. बाभळीच्या काट्यांतून, दगडगोट्यांतून. जिथं चालवता येईना तिथं खांद्यावर घेतली. पलीकडच्या सडकेला लागला तेव्हा संपत गावातून निघून पार पुढं गेला होता. गाडी त्याच्यासाठी बाजूला सरकली होती.

पुढचे आठ किलोमीटर धर्मराजनं कसे काढले ते त्याचं त्यालाही नीट सांगता यायचं नाही. शिव्या देत होता एवढं आठवतं, भुजंगला, सायकलला, स्वतःला. पोटरीतून रक्त वाहत होतं. अंबडच्या अलीकडच्या चढावर त्यानं संपतला गाठलं आणि शाळेच्या मैदानात तीस-चाळीस पावलं आधी शिरला. लोकांनी उचलून घेतला.

तासाभरानं वहीवाला आला. वहीत लिहिलं होतं: अकरा नंबर परतीला गावातून गेला नाही. समितीचे लोक मांडवात बाजूला जाऊन बोलले. मग अण्णासाहेब माइकसमोर आले आणि म्हणाले की अकरा नंबरनं ठरलेला रस्ता सोडल्यामुळं तो नियमानं बाद आहे. पहिला नंबर संपत. धर्मराज खरात यांना जिद्दीबद्दल उत्तेजनार्थ टॉवेल आणि नारळ.

धर्मराज स्टेजवर चढला. लोकांना वाटलं टॉवेल घ्यायला चाललाय. तो अण्णासाहेबांसमोर उभा राहिला.

"सर, तुम्ही सरपंचाशी बोलल्ते का?"

"हा विषय आता नको, धर्मराज. आपण उद्या बसू."

"हो का न्हाई, तेवढंच सांगा."

माइक चालू होता. अण्णासाहेबांनी चष्मा काढला, पुसला. "नाही," ते म्हणाले. "वेळ मिळाला नाही. आणि मला वाटलं, तशी वेळ येणार नाही."

"तुम्हाला म्हाईत होतं येणार. मी सांगितल्तं."

खाली सरपंच पाहुण्यांच्या खुर्चीत बसलेला होता. अण्णासाहेबांची नजर तिकडं गेली आणि परत आली. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं साळूबाई उठली. तिला स्टेजवर कुणी बोलावलं नव्हतं आणि ती गेलीही नाही. जागेवरूनच बोलली.

"दुष्काळात ही सडक झाली तवा हिवरदऱ्याच्या वेशीतली खडी मी फोडली. ह्या पोरानं पेपर वाटून आल्यावर टोपल्यानं वाहिली. आमच्या हातानं दबली ती सडक. तवा कुणी म्हणलं न्हाई का बाई, तू वेशीच्या भायेर फोड."

सरपंच उठून गेला. धर्मराजनं टॉवेल आणि नारळ टेबलावर तसेच ठेवले आणि आईला घेऊन घरी आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पोलिसात तक्रार लिहून दिली. जमादारानं ती घेतली आणि साक्षीदार कोण, असं विचारलं. वहीवाला म्हणाला, मी मान खाली घालून लिहीत होतो. राहिला संपत. तो आठवड्यानं आपणहून खरातांच्या घरी आला. बक्षिसाचं मनगटी घड्याळ त्यानं पुढं केलं, म्हणाला, हे तुझं हाये.

"घड्याळ नको," धर्मराज म्हणाला. "गाडी आडवी बघितलीस का?"

"बघितली. मला बघून सरकवली त्यांनी."

"मंग तेवढं जमादाराला सांग."

संपतची बहीण हिवरदऱ्यात दिलेली होती. विचार करून सांगतो म्हणाला आणि घड्याळ खिशात घालून गेला. सांगायला आला नाही. तक्रार साक्षीदारावाचून तशीच पडून राहिली. धर्मराजनं हिवरदऱ्याचे पेपर बंद केले.

पुढच्या सालच्या शर्यतीचा रस्ता समितीनं बदलला. हिवरदरा वगळला, वाद नको म्हणून. सगळ्यांनाच गावाच्या बाहेरून काढायचं ठरलं. धर्मराजला हे कळलं तेव्हा तो जेवत होता. त्यानं ताट बाजूला सारलं. भुजंगनं एकट्याला अडवलं होतं, इथं चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी बसून, शांत डोक्यानं, वेशीचा रिवाज नकाशात काढला होता.

त्यानं शर्यतीत नाव दिलं नाही. अंबडच्या, अंतरवालीच्या वस्तीतल्या पोरांकडं तो गेला. दोघा-तिघांच्या सायकली भाड्याच्या होत्या, एकाच्या सायकलला मडगार्ड नव्हतं. सव्वीस जानेवारीला, तिकडं शर्यत सुटली त्याच वेळेला, अकरा सायकली जुन्या रस्त्यानं निघाल्या. पळवायच्या नाहीत, सावकाश चालवायच्या, असं ठरलेलं होतं. वेशीत भुजंग आडवा आला. धर्मराजनं घंटी वाजवली आणि वाजवतच राहिला, मागच्या दहांनीही वाजवली. भुजंगनं हँडल धरलं. एवढ्यात मागच्या सायकली दोन्ही बाजूंनी आत शिरल्या, आणि कुणाला धरावं ते त्याला कळेना. त्यानं हँडल सोडलं, एक दगड उचलला. तो एकाच्या चाकाला लागला, दोन तारा तुटल्या. कुणी उतरलं नाही. पार, चावडी, ओटा. घरातून बाया बघत होत्या.

त्यानंतर धर्मराजनं हिवरदऱ्याचे पेपर पुन्हा सुरू केले, सीटवरून. दोनदा त्याचा टायर ब्लेडनं फाडला गेला. त्यानं पॅच लावला आणि दुसऱ्या सकाळी गेला.

एकदा बाजारात अण्णासाहेब समोरून आले. त्यांनी थांब म्हणून हात वर केला, त्यांना काहीतरी बोलायचं होतं. दिसले की सायकलवरून उतरून नमस्कार करायचा, ही धर्मराजची शाळेपासूनची रीत. त्या दिवशी तो उतरला नाही. "गठ्ठा पोचवायचाय, सर," एवढं म्हणाला आणि त्यांच्या बाजूनं निघून गेला.