कूलरच्या चौथ्या पायाखालून

मित्रांनो, मी एक जुना संकल्पनाकोश आहे. माणूस माणसाशी कसा बोलतो, हे मराठी जगाला समजावून सांगण्यासाठी माझा जन्म झाला. सध्या मी बोरगाव मेघे येथे एका कूलरच्या पायाखाली आहे.

रूपराव सर वर्ध्याच्या एका कॉलेजात संज्ञापन आणि माध्यमे हा विषय शिकवायचे. त्यांनी वर्षानुवर्षे खपून मला लिहिलं. प्रेषक, संदेश, ग्राहक, अडथळा, प्रतिसाद, एकेका शब्दाची घासूनपुसून व्याख्या केली. अडथळा म्हणजे संदेश ग्राहकापर्यंत पोचू न देणारी कोणतीही गोष्ट. प्रकाशनाच्या दिवशी वक्त्यांनी माझ्या आशयाची फार स्तुती केली. माझ्यावरचं प्लास्टिक तेव्हा निघायचं होतं.

सर निवृत्त झाले, उन्हाळा आला, कूलर डुगडुगू लागला. सरांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी विटेचा तुकडा लावून पाहिला, तो जास्त झाला. मी बरोबर बसलो.

तिथून मला घर ऐकू यायचं. कूलर घरघरायचा, सर मोबाइलमध्ये मान घालून बसायचे आणि मनकर्णाबाई बोलायच्या. नळाचं, भाजीचं, पवनारला राहणाऱ्या थोरल्या बहिणीच्या, जिजाताईंच्या तब्येतीचं. सर प्रत्येक वाक्याला 'हो' म्हणायचे. त्या घरात 'हो' म्हणजे आवाज पोचला, एवढंच.

एके दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसून समोर उभ्या राहिल्या.

"जिजाताईले लय बरं नाई. एकटीनं जाऊ वाटत नाई मले. येता काय संगं?"

"हो."

त्या चपला घालून फाटकाशी थांबल्या. एक बस गेली, दुसरी गेली. मग एकट्याच गेल्या. संध्याकाळी परतल्यावर सरांनी विचारलं, "कुठं गेलती तू?"

त्यानंतर मनकर्णाबाईंचं बोलणं कमी होत गेलं. सरांच्या ते लक्षात आलं नाही. कूलर चालू होता.

परवा सरांना कुठेसं श्रवणकौशल्यावर भाषण द्यायचं होतं, तेव्हा माझी आठवण झाली. कूलर बंद करून त्यांनी मला ओढून काढलं. ओलीनं पानं चिकटली होती. 'प्रतिसाद' तेवढं उघडलं. सर वाचत असताना, त्या शांततेत, स्वयंपाकघरातून आवाज आला. मनकर्णाबाई कुकरशी बोलत होत्या.

"तू तरी सांगतं बाप्पा, झालं म्हणून."

सरांनी मला मिटून बाजूला ठेवलं. मग उठून दारात गेले.

"मनकर्णा, उद्या पवनारले जाऊ. जिजाताईले भेटून येऊ. दोघंबी."

मनकर्णाबाईंनी कणकेतून मान वर केली नाही. "हो," म्हणाल्या.

मित्रांनो, कूलर पुन्हा डुगडुगला आणि मी पुन्हा जागेवर आलो. इथे फार एकटं वाटतं, पण या घरात मी एकटाच एकटा नाही. पुस्तकं जपा. जपणं होत नसेल, तर निदान अधूनमधून कूलर बंद करा आणि घरात कोण बोलतंय ते ऐका.

जिजाताईंना त्यांच्या मुलानं मागच्या महिन्यातच नागपूरला नेलं आहे. मनकर्णाबाईंनी ते सांगितलं होतं. सर 'हो' म्हणाले होते.