एकही खिळा नसलेलं कपाट

भंगारवाल्याकडून मी आणलेलं जुनं लाकडी कपाट आमच्या दारातच अडकलं. बाबा भडकले, "शाळा सोडलीस, आता ही धोंड आणलीस! आत जात नसेल तर आत्ताच्या आत्ता परत देऊन ये."

माझं डोकंच फिरलं. मी कपाटाला सणसणीत लाथ हाणली, तर कोपऱ्यातून एक लाकडी खुंटी बाहेर डोकावली. वाकून बघते तर काय, अख्ख्या कपाटात एकही खिळा नाही, नुसत्या खुंट्या!

"बाबा, हे सगळं सुटतं! हातोडी द्या, पटकन!"

तासाभरात एकेक फळी आत नेऊन आम्ही कपाट पुन्हा उभं केलं. बाबांनी दार चारदा उघडून लावून बघितलं.

"ए पोरी, वरचा कप्पा माझा हं."