एक वाजताची हजेरी

नोकरीच्या पहिल्या दिवशी धाकटी कचेरीत पावणेनऊलाच जाऊन पोचली. वेळ नऊची होती. सफाईवाली बाई अजून फरशी पुसत होती. तिने हातानेच खूण करून हिला भिंतीच्या कडेने जायला सांगितलं. माहेरी तीन बहिणींत शेवटची म्हणून ती धाकटी, आणि सासरी दोन सुनांत लहान म्हणून पुन्हा धाकटीच. मोठं व्हायची सोय बिचारीला कुठेच नव्हती. नवऱ्यामागोमाग या परक्या देशात येऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत खिडकीतून रस्ता पाहण्यापलीकडे तिने फारसं काही केलं नव्हतं.

ही नोकरी इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत होती. धाकटीकडे जिने आले. प्रत्येक पायरीची उंची, कठडा, वळणावरची जागा, सगळं तपासून चुका लाल रंगात दाखवायच्या. दोन पायऱ्यांत बोटाच्या पेराइतका फरक राहिला तरी माणूस तोंडावर आपटतो, म्हणून हे काम डोळ्यांत तेल घालून करायचं. तीन महिने परीक्षेचे. त्यात पास झाली तर नोकरी कायम, आणि या देशात राहण्याचं परमिट तिच्या स्वतःच्या नावावर. आजवर ती इथे 'अमक्याची बायको' म्हणून राहत होती, नवऱ्याच्या कागदाला टाचलेला एक जादा कागद. नवऱ्याला सोडायचं वगैरे तिच्या मनातही नव्हतं. तिला फक्त तो एक कागद आपल्या नावाचा हवा होता, आणि तो फार हवा होता.

त्या कचेरीची एक रीत होती. तिथे बैठका नसत. दुपारी एक वाजता सगळे मधल्या लांब टेबलावर आपापले डबे घेऊन बसत. जेवण संपत आलं की मुख्य बाई, केस पांढरे पण चाल तरतरीत, डबे कोपराने बाजूला सारायच्या आणि नकाशे पसरायच्या. कुणाला कुठलं काम द्यायचं, कुणाचं चुकलं, कुणाचं साधलं, सगळं तिथेच ठरे. जो टेबलावर नाही तो कामात नाही, असा साधा हिशेब होता.

पहिल्याच दिवशी एक वाजून पाच मिनिटांनी धाकटीचा फोन वाजला. मायदेशाहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल होता.

"काय गं, जेवलीस का? दाखव बघू तुझं ऑफिस."

धाकटीने कौतुकाने फोन गोल फिरवला. सगळ्यांनी हात हलवले. शेजारच्या खुर्चीवरचा उंच सहकारी, ज्याला तिने मनातल्या मनात लंबू असं नाव ठेवलं होतं, तो तर वाकून फोनमध्ये डोकावला आणि हसला. सासूबाईही हसल्या.

संध्याकाळी नवरा भांडी घासत होता. भांडी तोच घासत असे. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. पाण्याची धार बारीक करून तो म्हणाला, "आई विचारत होती, तो शेजारी कोण बसला होता?"

"कामावरचा माणूस आहे रे."

"मला कळतं गं. पण तिला बरं नाही वाटत. वेगळी बसलीस तर काय बिघडणार आहे? रोज एकला ती फोन करेल. पाच मिनिटं बोल, आजूबाजूचं दाखव. म्हाताऱ्या माणसाचं समाधान."

सुनांची हजेरी घ्यायची त्या घराची रीत जुनीच होती. थोरली जाऊ शाळेत शिकवायची तेव्हा शाळा सुटायच्या आधी सासरे फाटकाशी येऊन उभे राहायचे. वर्षभरात तिने नोकरी सोडली आणि सगळ्यांचं समाधान झालं. माणसं तीच राहिली, फाटकाच्या जागी फोन आला एवढंच.

धाकटी छपाईच्या यंत्राशेजारी डबा घेऊन बसू लागली. पाच मिनिटांची पंधरा झाली, पंधराची चाळीस. सासूबाई रागावत नसत, आवाज चढवत नसत. "ते मागचं दार कुठलं गं? कुणाचा आवाज आला? बरं, उघडून दाखव." इतकंच. चाळीस मिनिटांनी ती परत यायची तेव्हा टेबल पुसलेलं असायचं आणि कामं वाटून झालेली असायची. तिला वाटे, आपण जागेवर बसून चोख काम करतो आहोत, ते दिसल्याशिवाय कसं राहील? शाळेत पहिल्या रांगेत बसणाऱ्या मुली आयुष्यभर ही चूक करतात.

पाचव्या आठवड्यात एका शाळेच्या नकाशात तिला शेवटची पायरी तोकडी सापडली. तीन जणांच्या नजरेतून निसटलेली चूक. लंबूने तो कागद टेबलावर नेला आणि मुख्य बाईंनी तिला हाक मारली. एक वाजला होता. धाकटी क्षणभर घुटमळली, मग जाऊन बसली आणि थरथरणारा फोन पालथा घातला. लहान मुलं जिना उतरताना शेवटच्या पायरीशी धावतात, म्हणून हीच चूक सर्वांत वाईट, असं तिने मोडक्यातोडक्या परभाषेत समजावलं. कुणी हसलं नाही. मुख्य बाई म्हणाल्या, "या शाळेचे सगळे जिने तू बघ." धाकटीने नकाशांची गुंडाळी उचलून आपल्या जागेवर नेली.

दोन वाजता नवरा कचेरीच्या दारात उभा होता. आपलं काम टाकून आला होता. "सतरा फोन केले आईने. रडतेय ती. तुला काही झालं असतं म्हणजे?" आवाज अगदी हळू. मग तो बाहेरच्या खुर्चीवर पाच वाजेपर्यंत बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही आला.

कचेरीतली माणसं विरघळली. "माझा नवरा मी पडले तरी येणार नाही," एकजण म्हणाली. "माझी सासू वर्षातून एकदा कार्ड पाठवते," दुसरी म्हणाली. मुख्य बाईंनी तर मागची छोटी खोली रिकामी करून दिली, किल्लीसुद्धा हातात ठेवली. "रोज एक ते दोन ही खोली तुझी. निवांत बोल घरच्यांशी." धाकटीला सांगायचं होतं की हे प्रेम नाही. पण रोज फोन करणाऱ्या सासूत वाईट काय, हे सांगायला तिला त्यांच्या भाषेत शब्द सापडेनात. आपल्या भाषेत तरी कुठे होते. तिने किल्ली घेतली आणि आभार मानले.

शाळेच्या जिन्यांबद्दल रोज टेबलावर बोलावं लागे. आठवड्याभरात ते काम लंबूकडे गेलं.

तीन महिने भरले तेव्हा मुख्य बाईंनी तिला समोर बसवलं. "तुझं काम स्वच्छ आहे. पण आम्ही तुला ओळखतच नाही. आमच्यात बसणं तुला नको वाटत असावं, म्हणून कुणी आग्रह केला नाही. अशाने इथलं काम चालत नाही."

"मला बसायचं होतं," धाकटी म्हणाली.

"मग? तुला इथे काही त्रास झाला का?"

"इथे नाही."

मुख्य बाईंनी समोरच्या कागदावर 'तक्रार नाही' असं लिहिलं. त्या भल्या होत्या, घाईत होत्या, आणि दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये असं त्यांना लहानपणी शिकवलेलं होतं.

"जाऊ दे, घरून करता येईल असं काहीतरी बघू," नवरा घरी म्हणाला. त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसत होतं. सासूबाई म्हणाल्या, "तब्येत बघ आता."

दुसऱ्या दिवशी धाकटीने वडिलांना फोन लावला. नातेवाइकांनी नावं ठेवली तरी तिला नकाशे काढायला शिकवणारे ते हेच. जन्मात पहिल्यांदा तिने सगळं सांगितलं, छपाईचं यंत्र, मागची खोली, आपल्या नावाचा तो हुकलेला कागद.

शेवटी त्यांनी विचारलं, "मारत नाहीत ना?"

"नाही, बाबा."

"खायला-प्यायला?"

"सगळं आहे."

"मग, बाळा?"

हा प्रश्न विचारणारा बाप दुष्ट नव्हता, लेकीवर जीव टाकणारा होता. तुम्हीआम्हीही कुणाच्या तरी लेकीला असंच विचारलं आहे, आणि तिच्याकडे उत्तर नाही हे पाहून सुटकेचा निःश्वास टाकला आहे. अंगावर वळ नाहीत, ताटात अन्न आहे, म्हणजे पोरगी सुखात, हे माप आपण किती पिढ्या वापरणार आहोत?

फोनमध्ये दुसऱ्या कॉलची टकटक सुरू झाली. "दुसरा फोन येतोय, बाबा."

"कुणाचा आहे?" वडिलांनी विचारलं.

"सासूबाईंचा."

"मग तो घे आधी. वाट बघत असतील," ते म्हणाले, आणि त्यांनी आपला फोन ठेवला.