संजीवनी माईची आंघोळ

सामरवरणी या कारखान्यांच्या गावातल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसबाहेर त्या रविवारी चपला काढायला जागा उरली नव्हती. आत टेबलावर जरीच्या कापडाखाली काचेची मोठी बरणी होती. तिच्यातल्या तांबूस पाण्यावर एक पांढुरकी चकती तरंगत होती, घावनासारखी गोल आणि गुळगुळीत. सत्त्वेश महाराजांनी कापड बाजूला केलं तशी सगळी सभा हात जोडून उभी राहिली.

सभेत कोण होतं, तेही सांगतो. प्रॉडक्शन मॅनेजर, केमिकल इंजिनिअर, क्वालिटी विभागाचे प्रमुख. पुण्याहून, नाशिकहून, मुंबईहून इथल्या कारखान्यांत आलेली माणसं. मशीन बंद पडलं तर मूळ कारण सापडेपर्यंत खालच्या ऑपरेटरला पाणी पिऊ न देणारी. पण चकती कशाने वाढते, हे त्यांतल्या एकाने विचारलं असेल तर शपथ.

महाराजांना जटा नव्हत्या, भस्मही नव्हतं. इस्त्रीचा झब्बा, कॉलरला माईक, मागे पडद्यावर स्लाइड. पूर्वी ते शक्तिवर्धक गोळ्या विकत असत म्हणे, आणि तो धंदा त्यांनी सोडला असं म्हणायला फारसा आधार नव्हता. आपल्या पोटात अब्जावधी जिवाणू असतात हे विज्ञानाला आज कळलं, ऋषींनी त्यांनाच तेहतीस कोटी देव म्हटलं होतं, असं त्यांनी सांगितलं आणि इंजिनिअरांनी माना डोलावल्या. ही संजीवनी माई, तिला बी नाही, मूळ नाही. ती फक्त एकवीस वनौषधींच्या गोड अर्कावर जगते. पवित्र घरात ती बाळंत होते, म्हणजे तिच्या अंगावर दुसरी चकती धरते. अपवित्र घरात ती देह ठेवते. पाळी चाललेल्या बाईची सावलीसुद्धा बरणीवर पडता कामा नये.

मग वाटप सुरू झालं. ज्याने-त्याने घरून बरणी आणली होती. महाराज चकती उचलून तिच्यात सोडत आणि वर जुन्या बरणीतलं आंबट पाणी पळीभर ओतत. त्याला ते तीर्थ म्हणत.

आमच्या खालच्या मजल्यावरची रसिका पुढे झाली तेव्हा तिने एक साधा प्रश्न विचारला. अर्कात एवढी साखर घालायची, तर मधुमेह असलेल्या तिच्या सासूबाईंना, कमळाबाईंना, ते चालेल का? सभेत चुळबुळ झाली. महाराज हसले. प्रश्न विचारणारं मन तापलेलं असतं, म्हणाले, तेव्हा तुमच्या माईला आंघोळ घालून देतो. त्यांनी चकती तांब्याच्या कमंडलूतल्या पाण्यात दोनदा खळबळून धुतली आणि तिच्या बरणीत सोडली. तीर्थ मात्र दिलं नाही. रसिकाला तो मानच वाटला.

दिवस पावसाळ्याचे होते. आठवड्याभरात चेअरमन कल्पेशभाईंच्या बरणीत माई बाळंत झाली आणि त्यांनी मजल्यावर पेढे वाटले. रसिकाच्या बरणीत चकतीवर हिरवे-काळे ठिपके उठले, त्यांची लव झाली आणि घरभर कुबट वास सुटला.

आदल्या हिवाळ्यात रसिकाचा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला होता. असं पुष्कळदा होतं, यात कुणाची चूक नाही, असं डॉक्टरांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला, कौस्तुभला, समोर बसवून सांगितलं होतं. कौस्तुभ सूत बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. त्याने तेव्हा मान हलवली होती. आता कमळाबाई ती बरणी घेऊन महाराजांकडे गेल्या, आणि महाराजांनी डोळे मिटून निकाल दिला.

"जिच्या हातून बरणीतली माई तगत नाही, तिच्या कुशीत काय तगणार?"

घरी येऊन कमळाबाईंनी ते वाक्य जसंच्या तसं सुनेला ऐकवलं. महाराज शांती करेपर्यंत तिने माहेरी राहावं असं ठरलं. ठरवणाऱ्यांत कौस्तुभही होता. त्याने नाशिकच्या बसचं तिकीट काढून आणलं.

निघण्याआधी रसिका विद्याला भेटायला वर आली. विद्या माझी बायको. जवळच्याच आमलीतल्या एका कारखान्यात ती दही आणि ताक करणाऱ्या डेअऱ्यांसाठी विरजणाचे जिवाणू वाढवते. रसिका रडत नव्हती, ते मला जास्त भयंकर वाटलं. तिने विचारलं, "विद्याताई, शरीरातला दोष असा बाहेर दिसतो का हो?"

विद्याने आधी बरणी पाहायला मागितली. मग चकती कशी दिली होती ते सगळं सांगायला लावलं. आंघोळीपाशी आल्यावर तिने रसिकाला थांबवलं आणि आणखी कुणाची माई गेली ते विचारलं. दोघींची गेली होती. एक वैशाली, जिने महाराजांना घरी उतरवून घ्यायला नकार दिला होता. दुसरी बी विंगमधली शिक्षिका, जिने महाराज विकत ती अर्काची पाकिटं घेतली नव्हती. विद्या दोघींकडे जाऊन आली. दोघींच्याही माईला महाराजांनी प्रेमाने आंघोळ घातली होती.

"हा माणूस मूर्ख नाही," विद्या मला म्हणाली. "मूर्ख असता तर बरं झालं असतं."

रसिकाला तिने आमच्याकडेच ठेवून घेतलं. एकवीस वनौषधींचं पाकीट उघडून वास घेतला. चहाची भुकटी, थोडी तुळस, थोडा ज्येष्ठमध. कल्पेशभाईंकडून तिने माईची लेक आणि तीर्थ मागून आणलं, आणि भाविक वाढले म्हणून ते खूश झाले. मग आमच्या ओट्यावर बरण्या मांडल्या. सगळ्यांत तोच चहा, तीच साखर, एकाच चकतीचे तुकडे. अर्ध्या बरण्यांत आंबट पाणी घातलं. उरलेल्यांत धुतलेले तुकडे सोडले आणि तीर्थ दिलं नाही. हे सगळं रसिकाने स्वतःच्या हातांनी केलं, आणि तेव्हा तिची पाळी चालू होती. विद्याने मुद्दाम तोच दिवस धरला होता.

आंबट पाणी घातलेल्या सगळ्या बरण्यांवर स्वच्छ पांढरी साय धरली. धुतलेल्यांपैकी एक वाचली. बाकीच्यांवर बुरशी आली.

पुढच्या सत्संगाला रसिका दोन बरण्या झाकून घेऊन गेली. या कुणाच्या घरच्या ते सांगत नाही, महाराजांनी अंतर्ज्ञानाने ओळखावं, अशी विद्याने विनंती केली. अशी संधी महाराज कशाला सोडतील? पांढऱ्या बरणीवर त्यांनी कपाळ टेकलं. ही सोवळ्या हातांची आहे, या घरात वर्षाच्या आत पाळणा हलेल, असं म्हणाले. बुरशीची बरणी त्यांनी बोटानेच दूर सारली. हे हात अपवित्र आहेत. ही बाई घरात राहिली तर घर बसेल.

रसिका उभी राहिली. "दोन्ही माझ्याच हातच्या आहेत. एकाच दिवशी लावल्या. त्या दिवशी माझी पाळी चालू होती."

महाराज माईची लीला अगाध असते असं काहीतरी पुटपुटू लागले. विद्याने त्यांना बोलू दिलं नाही.

"दही लावताना आपण चमचाभर जुनं दही घालतो," ती म्हणाली. "का? त्यातले चांगले जिवाणू दुधाचा ताबा आधी घेतात, आंबटपणा वाढवतात, मग नासवणाऱ्यांना थारा मिळत नाही. इथेही तेच आहे. ही माई म्हणजे यीस्ट आणि व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंनी चहावर धरलेली साय. मुंबईत हेच पेय कोंबुचा म्हणून बाटलीतून विकतात. पळीभर आंबट पाणी घातलं की बुरशीला बहुतेक वेळा शिरकाव मिळत नाही. चकती धुऊन दिली आणि ते पाणी दिलंच नाही, तर पावसाळ्याच्या हवेत बुरशी आलीच समजा. यांनी ज्यांना आंघोळ घातली, त्या तिघींच्याच माई मेल्या. कोण पवित्र, कोण पापी, हे यांची पळी ठरवत होती."

कल्पेशभाई चाचरत म्हणाले, "पण विद्याबेन, आम्ही तो रोज पितो. फायदो लागे छे."

"प्या ना," विद्या म्हणाली. "आंबट चहा आहे, त्याच्या पाया पडू नका. आणि मधुमेहाची गोळी कुणी बंद केली असेल, तर आजच चालू करा."

महाराज नाष्ट्यालासुद्धा थांबले नाहीत. एवढ्या केमिकल इंजिनिअरांनी मिळून त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. ती मंडळी चपला शोधण्यात गढून गेली होती.

कौस्तुभ रसिकाजवळ आला आणि हळूच म्हणाला, "माझं चुकलं. घरी चल."

"मला माफी नको," ती म्हणाली. "डॉक्टरांनी आपल्याला काय सांगितलं होतं, ते आईंना सांग. इथे, सगळ्यांसमोर."

 कमळाबाईंकडे वळून त्याने सांगितलं की मूल गेलं त्यात रसिकाचा काही दोष नव्हता, डॉक्टरांनी हे तेव्हाच सांगितलं होतं, आणि आपण ते घरात कधी बोललो नाही. कमळाबाई खाली बसल्या. रसिका त्या दिवशी घरी गेली, पण कौस्तुभबरोबर नाही. सासूचा हात धरून, त्यांना क्लबहाऊसचा जिना उतरवत, ती पुढे गेली.

जिवाणू असतात. ते दही लावतात, डोसा फुगवतात, शेतात शेंगांच्या मुळांशी नत्र साठवतात. त्यांना कुणाची जात कळत नाही, पाळी कळत नाही, पाप-पुण्य कळत नाही. कुणी त्यांच्या नावाने तुमच्या घरातल्या बाईवर बोट ठेवलं, तर हात जोडण्याआधी एवढंच करा. तीच वस्तू दोन बरण्यांत घाला, एकच गोष्ट वेगळी ठेवा, आणि आठवडाभर वाट पाहा. याला पदवी लागत नाही. ज्यांच्याकडे पदव्या होत्या, ते तर हात जोडून उभे होते.