ओवाळायला सवाशीण हवी

लेकीच्या पाचव्या वाढदिवसाची सगळी तयारी शिल्पाने एकटीने केली होती. फुगे, केक, वीस मुलांच्या खाऊच्या पिशव्या. नवरा जाऊन दीड वर्ष झालेले. पण एवढ्या कामांना तिचे वैधव्य कुठेच आडवे आले नाही. ते आले नेमके औक्षणाच्या वेळी. ओवाळायला सवाशीण हवी, म्हणून निलंग्याहून नणंदेला बोलावलेले, आणि तिची एसटी अजून औशालाही पोचली नव्हती.

लातूरच्या त्या घरात मुले पाऊण तास केकसमोर ताटकळत होती. दोघे तर रडू लागले.

"येऊनच राहिली की ती, जरा दम धर," सासूबाई कस्तुराबाई म्हणाल्या. "तू ओवाळलंस तर लोक काय म्हनतील?"

"पोरं उपाशी ठेवली न्हाईत म्हणतील, आई."

ज्या हातांनी पाच वर्षे घास भरवला, त्याच हातांतला दिवा मुलीला बाधतो, या सिद्धान्तापुढे भल्याभल्या पंडितांनी माना डोलावल्या आहेत. शिल्पाने निरांजन पेटवले. लेक ईश्वरी पाटावर ताठ बसली आणि शिल्पाने तिला ओवाळले.

खुर्च्यांवरच्या बायकांनी नजरा वळवल्या. एकीनेही टाळी वाजवली नाही. वीस मुलांच्या टाळ्यांत ईश्वरीला ते कळलेही नाही.