पहिला मीटबॉल ऑगीचा

ऑगी मार्किओनीच्या हृदयात दोन स्टेंट बसले आणि डॉक्टरांनी लाल मांस आणि तळण कायमचं बंद करायला सांगितलं. दवाखान्यात ऑगीने शहाण्यासारखी मान डोलावली. गाडीत बसल्यावर मात्र तो बायकोला म्हणाला, "आयरिश माणूस आहे तो. बटाटे उकडून खाणाऱ्यांनी मला जेवण शिकवू नये."

"टर्कीचे मीटबॉल चालतील म्हणाले," लोरेटा हळूच म्हणाली.

"टर्की नोव्हेंबरातल्या सणाच्या एका गुरुवारी खायची असते, तीही पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून. आपल्या रविवारच्या रश्श्यात टर्की पडली ना, तर मी सरळ योलीकडे जेवायला जाईन. सांगून ठेवतोय."

योली म्हणजे ऑगीची थोरली बहीण योलांडा. ती मागच्याच गल्लीत राहायची, आणि स्वयंपाक करणं तिने नवरा गेल्यावर सोडून दिलं होतं, त्यामुळे या धमकीत तसा दम नव्हता. पण लोरेटाला खरी भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. हा माणूस हट्टाने तळलेलं खात राहील आणि एक दिवस खुर्चीतच बसल्या जागी जाईल. ऑगीचं तोंड अखंड चालायचं. ते तसंच चालत राहावं, एवढंच तिला हवं होतं.

साउथ फिलाडेल्फियाच्या त्या इटालियन गल्लीत रविवारी सकाळी घराघरातून लसणाचा वास सुटतो. चर्चला जाण्याआधी मीटबॉल तळून रश्श्यात सोडायचे, परत येईपर्यंत रस्सा मंद आचेवर शिजतो. कढईतून निघालेला पहिला मीटबॉल मात्र रश्श्यात जात नाही. तो काट्याला टोचून घरातल्या लाडक्या माणसाच्या हातात जातो. ऑगीला तो लहानपणी त्याची आई असुंता द्यायची, लग्नानंतर लोरेटा देऊ लागली. दर रविवारी ऑगी तो चावायचा, छताकडे बघायचा आणि म्हणायचा, "चांगलाय. पण आईच्या हातचा नाही." आई जाऊन जमाना झाला, पण निकाल काही बदलला नाही.

लोरेटाने ठरवलं की ऑगीला काही सांगायचंच नाही.

टर्कीचा खिमा गल्लीतल्या कार्मीन खाटकाकडून आणायची सोय नव्हती. कार्मीनला कळलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या परगण्याला कळलं. म्हणून ती बस पकडून लांबच्या मोठ्या दुकानात जाऊ लागली. कार्मीनला संशय येऊ नये यासाठी त्याच्याकडून गाय, डुक्कर आणि वासरू अशी नेहमीची तीन मांसंही घ्यावीच लागत. ती मांसं मग भिंतीपलीकडच्या शेजारणीकडे, पॅटकडे, पोचती व्हायची. त्या हिवाळ्यात पॅटच्या नवऱ्याचे पट्टे तोकडे पडू लागले, पण त्याबद्दल कोणी कोणाला विचारलं नाही.

पहिली खेप भुशासारखी कोरडी झाली. टर्कीला स्वतःची चरबी नाही आणि स्वतःची चवही नाही. मग लोरेटाने शिळा पाव दुधात भिजवून भरपूर घातला, इतका की खिम्यात पाव आहे की पावात खिमा हे सांगणं कठीण व्हावं. कांदा किसून त्याच्या पाण्यासकट घातला. चीज घातलं, अंडं घातलं. आणि टर्कीचा फिका वास मरावा म्हणून तेलात मुरवलेल्या कॅलाब्रियाच्या लाल मिरच्या वाटून ओतल्या, हात आखडता न घेता. ओल्या हातांनी गोळे वळून ते कडक तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवले. वर दाढी करत असलेल्या ऑगीला चुरचुर ऐकू जावी म्हणून कढईत चमचाभर तेलावर नुसताच लसूण परतला. लसणाला बिचाऱ्याला आपण नाटकात काम करतोय हे ठाऊक नव्हतं.

ऑगी खाली आला. लोरेटाने पहिला मीटबॉल काट्याला टोचून पुढे केला.

त्याने चावला, छताकडे पाहिलं. मग डोळे पुसले.

"तिखट लागलं का?" तिने विचारलं.

"लोरेटा," तो म्हणाला, "हा आईच्या हातचा आहे."

इतकी वर्षं उत्तम मांस, उत्तम तेल आणि स्वतःची पाठ मोडून तिला जे जमलं नव्हतं, ते एका बेचव पक्ष्याने करून दाखवलं होतं. तिला हसू आलं, आणि रागही आला. तिने दोन्ही गिळली आणि ओव्हनचं दार पायाने लोटलं.

ऑगी एवढ्यावर थांबला असता तर तो ऑगी कसला. मार्चमध्ये सेंट जोसेफच्या सणाला चर्चच्या हॉलमध्ये मीटबॉलची स्पर्धा असायची. त्याने परस्पर नाव देऊन टाकलं, "असुंता मार्किओनीचे मीटबॉल". लोरेटाचं नाव घालायचं त्याला सुचलं नाही. लोरेटाला चिंता पडली ती निराळ्याच कारणाने. परीक्षकांत योली होती. योली त्याच आईच्या हाताखाली वाढलेली. तिने भर हॉलमध्ये तोंड उघडलं की सगळं संपलं, आणि दुसऱ्या दिवशी ऑगी तळणीपाशी.

बशांवर नावं नव्हती. योलीने लोरेटाच्या बशीतला एक घास घेतला, काटा खाली ठेवला, आणि मान वळवून हॉलच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या लोरेटाकडे सरळ बघितलं. मग उठून तिला कोपरापाशी धरून कॉफीच्या टेबलामागे नेलं.

"यात मांस कुठाय?" योलीने विचारलं.

"टर्की आहे," लोरेटा पुटपुटली. "ओव्हनमधले आहेत. योली, तुझ्या पाया पडते, त्याला सांगू नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय..."

"टर्की तरी आहे," योली म्हणाली. "आमच्याकडे तीसुद्धा नसायची. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा सगळा शिळा पावच असायचा, आणि कार्मीनच्या बापाने दिलेली हाडांवरची खुरचण. मांस नाही हे पोरांना कळू नये म्हणून आई मिरची मारायची. डोळ्यांतून पाणी आलं की कोण काय शोधतंय?"

"पण ऑगी म्हणतो, तीन मांसं..."

"आई म्हणायची तीन मांसं. ऑगीने विश्वास ठेवला. मुलगा होता ना." योलीने कॉफीत साखर घातली आणि ढवळत राहिली. "पाव मी भिजवायचे, गोळे मी वळायचे, हात भाजायचे माझे. पहिला कायम ऑगीचा. मला कोणी विचारलंही नाही."

बक्षीस अर्थातच त्या बशीला मिळालं. फादर केविननी ऑगीच्या हाती माइक दिला. ऑगीने तीन मांसांवर भाषण केलं. कार्मीन पहिल्या रांगेत बसून अभिमानाने माना डोलवत होता. मग ऑगीने लोरेटाला पुढे ओढलं. "माझी बायको! उशिरा का होईना, शिकली!"

माइक तिच्या तोंडासमोर आला. टर्की हा एकच शब्द जिभेच्या टोकावर होता. सगळ्या रविवारांचा हिशेब त्या एका शब्दात चुकता झाला असता. ऑगी लाल होऊन हसत होता. महिनाभर त्याला जिना चढताना धाप लागली नव्हती, हे तिने मोजलं होतं.

"सगळं सासूबाईंचंच आहे," लोरेटा म्हणाली. हॉल टाळ्यांनी दणाणला. मागे योलीने कॉफीचा कप उचलून तिच्याकडे बघत एक घोट घेतला.

घरी परतताना ऑगी म्हणाला, "आता दर रविवारी असेच कर. आणि ते डॉक्टरांचं टर्कीचं खूळ डोक्यातून काढून टाक."

"काढलं," लोरेटा म्हणाली.

पुढच्या रविवारी ऑगी वर दाढी करत असताना मागच्या दाराने योली आत आली. अंगात चर्चचा कोट, हातात पर्स. लोरेटाने ओव्हन उघडला, पहिला मीटबॉल काट्याला टोचला आणि तिच्या हातात दिला. दुसरा स्वतः घेतला. दोघी सिंकपाशी उभ्या राहून फुंकर मारत खात होत्या. योलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"मिरची जास्त झाली का?" लोरेटाने विचारलं.

"नाही," योली म्हणाली. "गप खा."

जिन्यावर पावलं वाजली. योलीने तोंड पुसलं. लोरेटाने कढईतला लसूण जोरात हलवला, तिसरा मीटबॉल काट्याला टोचला आणि दाराकडे वळली.

"ये," ती म्हणाली. "पहिला तुझा."